रिंग दहा फुटांवरच का?

४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळ.

साखरेच्या बरणीचं स्थलांतर, हा आजचा गंभीर विषय. गेली कित्येक वर्षं ही बरणी ओट्यावर, डाव्या हाताला, चहाच्या डब्याशेजारी सुखाने नांदत होती. रक्ततपासणीचा एक क्षुल्लक कागद घरात आला काय, आणि बायकोने तिला थेट सगळ्यात वरच्या फळीवर हद्दपार केलं. ना नोटीस, ना सुनावणी. नगरपालिका साधा दिव्याचा खांब हलवायचा असला तरी हरकती मागवते. एवढी वर्षं मी नगरपालिकेच्या बातम्या लिहितो, तेव्हा हे मला माहीत आहे.

स्टूल ओढलं तर आवाज होतो. म्हणून उडी मारली. बरणी हाती लागली नाही. शेजारचा पिठाचा डबा लागला. आधी झाकणासकट, नंतर झाकणाशिवाय.

कन्या सोफ्यावर होती. ती हसली. म्हणाली, बाबा, तुझं व्हर्टिकल एका उशीएवढंसुद्धा नाही. व्हर्टिकल म्हणजे माणूस जागच्या जागी किती उंच उडतो ते. बास्केटबॉलवाल्यांची भाषा.

तिने ही भाषा वापरली, हे नोंद घेण्यासारखं आहे. मागच्या वर्षी सामन्यात रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून उसळलेल्या चेंडूसाठी उडाली, कुणाच्या तरी पायावर उतरली आणि गुडघ्यातलं लिगामेंट गेलं. मी स्टँडमध्ये होतो. त्याविषयी इथे लिहायचं नाही असं ठरलेलं आहे. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, सर्जन म्हणाले खुशाल खेळा. ही मात्र सोफ्यावरून हलत नाही. विचारलं की म्हणते, बघू.

संध्याकाळ.

संकल्प सोडला. मी डंक करणार. म्हणजे उडी मारून, हात रिंगच्या वर नेऊन, चेंडू वरून आत घालणार. कन्येच्या हसण्याचा या निर्णयाशी काहीही संबंध नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार.

अभ्यास केला. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते. सर्वत्र. हे ठरवताना मध्यम उंचीच्या माणसांशी चर्चा झाली होती का, ते कुठेही दिलेलं नाही.

हात वर करून मी जिथवर पोहोचतो, तिथून रिंग दोन हात लांब. चेंडू आणखी वर न्यायचा, म्हणून वर एक वीत. सध्याची उडी एक वीत. म्हणजे पाचवा हिस्सा काम झालेलंच आहे. कालपर्यंत सुरुवातही केली नव्हती हे लक्षात घेता प्रगती समाधानकारक.

इंटरनेटवर एक कार्यक्रम मिळाला, बारा आठवड्यांचा. तो सर्वसाधारण माणसांसाठी असावा. शाळेत असताना संस्कृत धातूंची सगळी रूपं तोंडपाठ केलेल्या माणसाला स्क्वॉट, म्हणजे आपल्या बैठका, काय अवघड? मी सहा आठवडे धरतो.

८ सप्टेंबर, सोमवार. सभेहून आल्यावर.

काल स्क्वॉट केले. कार्यक्रमात सांगितल्याच्या दुप्पट.

आज पालिकेची सर्वसाधारण सभा. नगराध्यक्ष आत आले. सगळे उठून उभे राहिले. मी राहिलो नाही. राहूच शकलो नाही. मांड्यांनी असहकार पुकारला होता. सभा संपल्यावर विरोधी पक्षाचे एक सदस्य मुद्दाम जवळ आले, हात दाबून म्हणाले, पत्रकारांत कणा असलेला एक तरी निघाला. मी नम्रपणे मान लववली. दुखत नव्हता तो तेवढा कणाच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.

दोरीवरच्या उड्या. बैठकीच्या खोलीत. दहा मिनिटांत खालचे घड्याळजी वर आले. डोळ्याला भिंग तसंच लावलेलं. म्हणाले, साहेब, तुम्ही वर एकदा उडता, माझे स्क्रू खाली चारदा उडतात. आत्ता एक हरवलाय, लेडीज घड्याळाचा आहे, तो तुम्ही शोधून द्या. गेलो. गुडघ्यांवर बसून अर्धा तास शोधला. सापडला नाही. उठताना त्यांनीच हात दिला. म्हणाले, या वयात बैठे खेळ चांगले.

दोरी बंद. तसंही दोरीने पोटऱ्या वाढतात, स्फोटक शक्ती वाढत नाही. हे मला आधीपासूनच माहीत होतं.

१४ सप्टेंबर, रविवार.

आजपासून शास्त्रशुद्ध मोजमाप. पद्धत अशी: बोटं खडूत माखायची. भिंतीला बाजू लावून उभं राहायचं, हात ताणून एक खूण करायची. ही खालची खूण. मग तिथूनच उडी, आणि जिथे बोट लागेल ती वरची. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमची उडी. सोपं आणि निर्दोष. प्रत्येक वेळी दोन्ही खुणा ताज्या करायच्या आणि जुन्या पुसायच्या, म्हणजे गोंधळ नको.

बायको भूमापक आहे. तिचा दिवस लोकांची शेतं आणि भांडणं मोजण्यात जातो. म्हणाली, अहो, गॅलरीची भिंत आत्ताच रंगवलीय, आणि जुन्या खुणा कधी पुसायच्या नसतात. खात्यात राहून माणसाची दृष्टी अशी होते. मी दुर्लक्ष केलं.

अंतर: एक वीत.

कन्या दारातून बघत होती. म्हणाली, उतरताना तुझे गुडघे आत येतात. मी म्हटलं, मला वर जायचंय, उतरण्यात मला रस नाही. ती म्हणाली, रस नसला तरी उतरावं लागतं. आणि आत गेली. पण सोफ्यावर गेली नाही. खिडकीपाशी उभी राहिली.

२० सप्टेंबर, शनिवार.

प्रथिनं. उकडलेली अंडी सकाळी, दुपारी आणि ऑफिसात. संपादकांनी माझं टेबल खिडकीजवळ हलवलं. ज्येष्ठतेचा मान म्हणायचा.

दरवाज्याच्या वर एक नळी बसवली. तिला लोंबकळायचं. उंची वाढते म्हणतात. उजव्या खांद्यात चमक येते आहे. स्नायू जागा होण्याचं लक्षण.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

अंतर: एक वीत आणि तीन बोटं!

पुन्हा मोजलं. तेवढंच. तिसऱ्यांदा मोजायला बायकोला हाक मारणार होतो, पण ती शंकेखोर आहे.

ऑफिसात सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. क्रीडा पानावरच्या सहकाऱ्याला सगळे स्कोअरबोर्ड म्हणतात. त्याला जगातल्या प्रत्येक सामन्याचा निकाल माहीत असतो, बायकोचा वाढदिवस माहीत नसतो. मला ऑफिसात शास्त्रीबुवा म्हणतात. कौतुकाने. स्कोअरबोर्ड म्हणाला, शास्त्रीबुवा, नुसती तारीख सांगा, फोटोग्राफर माझ्यातर्फे. मी म्हटलं, एकोणीस ऑक्टोबर, रविवार. तोंडातून गेलं. गेलं ते बरंच झालं. मोठ्या कार्याला मुदत हवीच.

१ ऑक्टोबर, बुधवार.

कन्येच्या प्रशिक्षकबाईंचा फोन. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून घरात त्यांचं नाव शिट्टीबाई. म्हणाल्या, वीस तारखेला सोमवारी टीम निवडतेय. तुमची मुलगी आली तर तिची जागा आहे. नाही आली तर दुसरीला द्यावी लागेल, मग या वर्षी काही होणार नाही, आणि पुढच्या वर्षी तिचं कॉलेज संपतं. मी तिला ओढून नेणार नाही. तुम्हीही ओढू नका.

मी म्हटलं, छे, मी कशाला ओढू. माझं काम वेगळंच आहे. एकोणीसला सकाळी कोर्ट मिळेल का? मला डंक करायचाय.

 मग म्हणाल्या, कोर्ट मिळेल. ॲम्ब्युलन्स तुमची तुम्ही आणा.

कन्येला निरोप सांगितला. बघू, म्हणाली. हे बघू जरा लांब होतं.

५ ऑक्टोबर, रविवार.

आज कन्या आपणहून म्हणाली, चल, तुला उतरायला शिकवते, नाहीतर तू मोडशील. बैठकीत गादी घातली. वर जायचं कुणालाही येतं बाबा, म्हणाली, खाली यायला शिकावं लागतं. आधी चवडे, मग टाचा. गुडघे बाहेर. बूड मागे. आणि आवाज येता कामा नये.

मी स्टुलावरून उडी मारली. खालून घड्याळजींनी छत ठोकलं.

ती म्हणाली, हे उतरणं नाही, हे सामान टाकणं आहे.

मी म्हटलं, मग तू दाखव.

ती स्टुलावर चढली. बराच वेळ तशीच उभी. मग एक हात भिंतीला लावून, एक पाय खाली ठेवला, दुसरा त्याच्याशेजारी ठेवला, जिना उतरावा तशी, आणि म्हणाली, असं. तिने ओढणीला हात पुसले. मी लगेच पुन्हा स्टुलावर चढलो आणि दणकन उडी टाकली. खालून पुन्हा ठोकलं. ती हसायला लागली. मी अजून दोनदा टाकली.

सरावासाठी.

संध्याकाळी भाजी निवडताना बायको म्हणाली, तुम्ही हे तिच्यासाठी करताय ना? मी म्हटलं, भलतंच काय. क्रीडाक्षेत्र ही माझी जुनी आवड आहे. ती म्हणाली, तुम्ही लग्नाआधी कॅरमसुद्धा बसून हरायचात. कॅरम बसूनच खेळतात, असं मी निदर्शनास आणून दिलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळ.

अंतर: वीत आणि पाच बोटं. हे मी मोठ्याने वाचलं. चूक झाली.

बायकोने कामावरची पोलादी टेप आणली. भिंतीजवळ गेली. माझ्या पुसलेल्या खुणा तिला तिरप्या उजेडात दिसतात. हे हिचं कामच. हद्दीवरचे पुसलेले दगड शोधते. बघत राहिली, मोजत राहिली. मग म्हणाली, अहो, वरची खूण पहिल्या दिवशी जिथे होती तिथेच आहे. उलट केसभर खाली. ही खालची खूण तेवढी खाली खाली येतेय.

मी म्हटलं, असं कसं होईल?

म्हणाली, हात वर करा.

केला.

म्हणाली, पूर्ण करा.

म्हटलं, हा पूर्णच आहे.

उजवा हात कानापर्यंत गेलाच नाही. डावा गेला. दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे कन्येनेही. मग कन्या म्हणाली, बाबा, तुझी उडी वाढली नाही, तुझा हात आखडलाय. आणि उशीत तोंड घालून हसली.

उडताना हात झटक्यात वर जातो म्हणून वरची खूण टिकली म्हणे. उभ्याने ताणायचा तर खांदा अडतो. ही कन्येच्या फिजिओथेरपिस्टची फोनवरची उपपत्ती. त्यांनी नळीला लोंबकळण्याबद्दल जे विचारलं, त्याचा सूर मला आवडला नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

थंड डोक्याने विचार केला. खालची खूण खाली गेली याचा अर्थ मी खालून सुरुवात करतो. म्हणजे प्रत्यक्षात मी जास्त अंतर उडतो. यात दोष दिसत नाही. बायकोला दिसतो.

डंक डाव्या हाताने करणार. डावखुरे जात्याच प्रतिभावान असतात.

कार्यक्रम रद्द करावा का, असा विचार चाटून गेला. स्कोअरबोर्डने ऑफिसच्या फळ्यावर तारीख लिहून ठेवली आहे. संपादकांनी खाली सही केली आहे. शिवाय कन्या रोज विचारते, आज किती सेट झाले. ती ते विचारते तेव्हा उठून उभी असते.

रद्द नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी कोर्टावरून आल्यावर.

रंगीत तालीम. कन्या बरोबर आली, मला खडू द्यायला. एका वर्षात पहिल्यांदा कोर्टावर. रेषेच्या बाहेर उभी राहिली. पायात चपला.

एक गोष्ट कळली. चेंडू एका हातात राहत नाही. इतके दिवस पायांवर कष्ट घेतले, पण पंजाचा विचारच केला नव्हता. डावा हात वर नेला की चेंडू निसटतो आणि मी एकटाच वर जातो. दोन हातांनी धरला तर उजवा खांदा वर जाऊ देत नाही. हे त्या बारा आठवड्यांच्या कार्यक्रमात पहिल्या पानावर छापायला हवं होतं.

कन्या हसता हसता खाली बसली. रेषेच्या आत बसली. तिच्या ते लक्षात आलं नसावं. मग तिने चेंडू मागितला आणि बसल्या बसल्या टप्पे मारत राहिली. मग उभी राहिली आणि जागेवरून दोन-चार शॉट मारले. पाय जमिनीला चिकटलेले. सगळे आत गेले. उडी मारून बघ ना, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ओढू नका म्हणालेल्या बाई आठवल्या.

घरी येताना म्हणाली, बाबा, रविवारी तुझं हसं होणार. मी म्हटलं, होऊ दे. तिने माझा हात धरला. उजवा होता. ओरडलो नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार. दुपार. पाय उशीवर.

उपस्थिती: स्कोअरबोर्ड, फोटोग्राफर, उपसंपादक दोघे, शिट्टीबाई, बायको, कन्या. घड्याळजीही आले. म्हणाले, इथे खाली कुणी राहत नाही ना, तेवढं बघायला आलो. कन्येच्या पायात बूट होते. बूट घातले तर मला तुझ्यामागे पळता येईल, असं तिने कारण दिलं. 

पहिली उडी: चेंडू मागे पडला. दुसरी: चेंडू पुढे पडला. तिसऱ्या वेळी ठरवलं की शिखरावर पोहोचताच चेंडू वर भिरकावायचा. हा प्रकार डंकमध्ये बसतो का, यावर स्कोअरबोर्डशी आधीच चर्चा केली होती. तो म्हणाला होता, तुमच्यासाठी बसवू.

पळालो. उडालो. भिरकावला. चेंडू रिंग आणि मागच्या फळीच्या मध्ये जाऊन घट्ट अडकला. वरच राहिला. मी खाली आलो. चवडे, टाचा, गुडघे, बूड, यांपैकी काहीच आठवलं नाही. डाव्या पायाचा घोटा वळला आणि मी पाठीवर.

स्कोअरबोर्ड म्हणाला, शास्त्रीबुवा, चेंडू पोहोचला, हे मानावं लागेल. घड्याळजी म्हणाले, मी सांगितलं होतं, बैठे खेळ. बायको माझा बूट काढत होती, ओरडत नव्हती, म्हणजे लागलं होतं. शिट्टीबाई कुणाला तरी झाडू आणायला सांगत होत्या, चेंडू खाली पाडायला.

तेवढ्यात कन्या म्हणाली, थांबा, झाडू नको.

ती मागे गेली. रिंगकडे बघितलं. मी खालून सगळं बघत होतो. ती पळत आली, दोन लांब पावलं टाकली, आणि तिचे बूट जमिनीवरून सुटले.

मी डोळे मिटले.

जाळी ओढल्याचा आवाज आला. रिंग खडखडली. चेंडू सुटला, माझ्या पोटावर आपटला. मी दुसऱ्या एका आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही. काहीच आवाज आला नाही. डोळे उघडले तर ती दोन्ही पायांवर उभी होती, गुडघ्यात किंचित वाकलेली, आणि शिट्टीबाईंकडे बघत होती. शिट्टीबाई म्हणाल्या, उद्या चार वाजता. उशीर करू नकोस.

२० ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळ.

घोटा मुरगळलाय, हाड शाबूत. तीन आठवडे उड्या बंद. डॉक्टरांनी हे सांगताना मला विशेष समजावायची गरज नव्हती.

स्कोअरबोर्डने फोटो पाठवला. खाली आडवा मी, पोटावर हात, डोळे घट्ट मिटलेले. वर कन्या, जाळी मुठीत. बायकोने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, अहो, तुम्ही बघितलंच नाही? मी म्हटलं, ऊन डोळ्यावर आलं.  कोर्टावर छत आहे.

साडेतीनला कन्या बॅग घेऊन निघाली. बाबा, बर्फ लाव, म्हणाली. मी म्हटलं, जा, मजा कर. दार लागलं. सोफा रिकामा.

ती घरात बसली होती तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो, आणि इथेही आडून आडून लिहीत होतो, की पोरीने पुन्हा खेळावं. ते खोटं नाही. पण ती त्या सोफ्यावर होती तोवर मला झोप लागत होती. मागच्या वर्षी तिचा गुडघा गेला तो आवाज स्टँडपर्यंत आला होता. मी चौथ्या रांगेत होतो. लोक ओरडत होते तरी आला.

तिलाही भीती वाटते. तरी ती गेली. मला वाटते म्हणून मी डोळे मिटले, आणि ती खेळत राहील तितक्या वेळा मी मिटणार आहे.

ती पुन्हा पडेल, याची मला भीती वाटते. डंक वगैरे काही नाही. एवढंच आहे.